स्टॉकचं अ‍ॅप: सगळं हिरवं दिसत होतं आणि टेम्पो पिशवीसाठी अडला

अ‍ॅपचं नाव देत नाही, रिन्यूअलवरून त्यांच्याशी घासाघीस चालू आहे. छोट्या कारखान्यांना स्टॉक-कॉस्टिंगसाठी वार्षिक प्लॅनवर विकतात त्यातलंच एक. एबीसी, ईओक्यू (एका वेळी किती मागवायचं तो आकडा), रिऑर्डर लेव्हल (किती उरलं की मागवायचं), उधारीचा रिपोर्ट, सगळ्यांत असतं तेच यातही आहे. आमचं भोसरीत सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) छोटं शॉप. अ‍ॅप दिवाळीनंतर घेतलं आणि पावसाळ्यापर्यंत मी येईल त्याला हे घ्या म्हणून सांगत होतो.

मग ऑगस्टअखेरीस माल तयार, इन्स्पेक्शन झालेलं, टेम्पो दारात, आणि मामा (आमचे स्टोअरवाले) म्हणतात, "साहेब, व्हीसीआय पिशव्यांचं हे शेवटचं बंडल." पावसाळ्यात टर्न केलेला पार्ट साध्या प्लास्टिकमध्ये पाठवला की पोचेपर्यंत गंज धरतो आणि अख्खा लॉट परत येतो, त्यामुळे या गंजरोधक व्हीसीआय पिशवीशिवाय गेटबाहेर काही जात नाही. पिशवी चार रुपयांची, अडकलेलं बिल पावणेतीन लाखांचं. आणि डॅशबोर्ड? हिरवागार. कारण पिशवी 'सी' आयटम.

एबीसी म्हणजे वर्षाला कोणत्या आयटमवर किती पैसे जातात त्यावरून क्रम लावायचा. थोडेच आयटम बहुतेक पैसा खातात, ते ए, त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष, आणि सीकडे सवडीने. १९५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधून ही पद्धत पसरली आणि पैसा कुठे अडकलाय हे पाहायला ती खरंच चांगली आहे. आमचा राउंड बारचा (कच्च्या मालाच्या गोल सळ्यांचा) साठा हिच्यामुळेच बराच खाली आला. पण आयटम संपला तर काय अडेल हे ती विचारतच नाही, तिला फक्त रुपये कळतात.

सपोर्टला फोन केला. आधी म्हणे मास्टर (आयटमची मूळ माहिती) नीट भरा. मग म्हणे सर, तुम्हाला व्हीईडी पाहिजे, म्हणजे व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल असा टॅग, तो प्रीमियम प्लॅनमध्ये आहे. किती? वर्षाला सहा हजार जास्त. अरे, एका कॉलमचे सहा हजार? हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरमध्ये ही व्हीईडी कधीपासून साध्या रजिस्टरवर चालते, आणि तुम्ही तीन अक्षरांचे पैसे लावताय!

त्या रागात मी या पिशवीचं गणित कागदावर मांडून बसलो. वर्षाला लागतात १२,००० पिशव्या. एका ऑर्डरमागे टेम्पो-फोन-एंट्री धरून ३०० रुपये. साठवणीचा खर्च किमतीच्या २० टक्के धरला तर पिशवीमागे वर्षाला ८० पैसे. ईओक्यूच्या सूत्रात टाकलं (१९१३ साली फोर्ड हॅरिसने मांडलं, त्या गाडीवाल्या फोर्डचा संबंध नाही) की उत्तर ३,०००, अ‍ॅपही तेच सांगतं. एका वेळी ३,००० घेतल्या तर ऑर्डर आणि साठवण मिळून वर्षाचा खर्च २,४००. सरळ ५,००० घेतल्या तर २,७२०. फरक वर्षाला ३२० रुपये! म्हणजे अ‍ॅप ज्या आकड्याचं एवढं कौतुक करतं तो थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. किती मागवायचं यापेक्षा कधी मागवायचं यात सगळी गोची आहे, आणि तिथेच अ‍ॅप झोपलेलं.

अ‍ॅपचा हिशेब असा: ३०० दिवसांत १२,००० म्हणजे दिवसाला ४०, सप्लायर ७ दिवसांत देतो म्हणजे २८०, वर १२० सेफ्टी म्हणून राखीव, म्हणून ४०० उरल्या की मागवा. कागदावर झकास. पण आमच्याकडे दिवसाला ४० कधी जातच नाहीत, महिनाभर तुरळक आणि शेवटच्या आठवड्यात सहा-सातशे, कारण कस्टमर सगळं महिनाअखेरीलाच उचलतो. आणि ते ७ दिवस पहिल्या दिवशी मास्टरमध्ये भरलेले, नंतर माल खरोखर किती दिवसांनी आला हे जीआरएनवर (माल आल्याच्या नोंदीवर) असूनही अ‍ॅप बघत नाही. ऑगस्टमध्ये १८ लागले. सरासरी ४० धरली तरी १८ दिवसांना ७२० होतात, ४०० कुठे पुरणार!

मामांनी खर्डेघाशी न करता प्रश्न सोडवला. एक बंडल वेगळं बांधून वर ठेवलं, त्यात लाल कार्ड खोचलं, ते बंडल सोडायची वेळ आली की कार्ड ऑफिसात. हीच टू-बिन पद्धत, टोयोटात ताइइची ओनोने कानबान (कार्डावरून माल मागवायची पद्धत) आणलं त्यातलीच. खर्च शून्य.

इथपर्यंत एक स्टार देणार होतो. पण उधारीच्या रिपोर्टने मत बदललं. स्टॉक पडून राहण्याचे दिवस अधिक कस्टमरकडून पैसे येण्याचे दिवस वजा सप्लायरला पैसे देण्याचे दिवस, हा आकडा दर सोमवारी दिसायला लागल्यावर कळलं की धंदा नफ्यात असून सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा) का भरलेली असते. त्याच रिपोर्टमुळे ४५ दिवसांपुढची बिलं काढून कस्टमरच्या अकाउंट्सला आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाची आठवण करून दिली. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून पैसे दिल्यावरच वजा मिळतो, २०२३-२४ च्या हिशेबापासून हे लागू आहे. दोन जुनी बिलं सुटली, अ‍ॅपचे पैसे वसूल.

कॉस्टिंगचा भाग मात्र वापरू नका. सगळ्यांवर मशीन-अवरने भाडं-पगार थापतो आणि रिकाम्या सेकंड शिफ्टला चालणारं ४६ रुपयांचं काम तोट्यात दाखवतो, जेव्हा मटेरियल-इन्सर्ट-वीज-जादा मजुरी मिळून खर्च ३४ आहे. भाडं मी काम घेतलं नाही तरी देणारच ना? मशीन भरलेलं असेल तर गोष्ट वेगळी, मग मशीनच्या तासाला कुठलं काम जास्त पैसे सोडतं ते बघायचं, पण तेही हे दाखवत नाही.

तीन स्टार. रिन्यू करतोय, पण बेसिकच, प्रीमियम नाही. जीआरएनवरून लीड टाइम (माल यायला लागणारे दिवस) आपोआप धरणारं अ‍ॅप कोणाकडे असेल तर किमतीसकट सांगा, डेमो बुक करा म्हणू नका.