बस तिकिटाची साइट: स्क्रीन रीडरवर वापरणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी दृष्टिहीन आहे, संगणक एनव्हीडीएवर चालवते. पडद्यावरचं बोलून दाखवणारा हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि माझी सगळी नोकरी त्याच्या जोरावर चालते. म्हणून खासगी बसचं पुणे-कोल्हापूर तिकीट घरबसल्या काढायचं ठरवलं.

गावं निवडेपर्यंत ठीक चाललं. तारखेचं कॅलेंडर उघडलं आणि आवाज गप्प. स्क्रीन रीडर पानाची स्वतःजवळची प्रत वाचत असतो. पान आतल्या आत बदललं आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, की तो जुनंच वाचत बसतो. ती प्रत ताजी करायला इन्सर्ट आणि एफ५ एकत्र दाबलं, तेव्हा कुठे तारखा सापडल्या.

पुढे आसनांचा नकाशा. तिथे नुसतं 'बटण, बटण, बटण'. खिडकीजवळचं कुठलं, बायकांसाठी राखीव कुठलं, आधीच गेलेलं कुठलं, काही पत्ता लागत नाही. बटणाला नाव देणं डेव्हलपरसाठी किती सोपं असतं! याचा मला मनापासून राग येतो. तिकीट रद्द करण्याचे नियम मराठीत आहेत, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये. अशा फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं, पण आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, त्यामुळे कानावर पडली ती निरर्थक रोमन अक्षरं.

शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची होती, ऐकण्याचा पर्यायच नाही. म्हणजे कार्डाचे तपशील भरलेलं पान शेजाऱ्याला दाखवायचं? मी तिथेच थांबले. ५ पैकी १ तारा, तोही गावांच्या यादीसाठी.