टीव्हीखालच्या पीसीत आरटीएक्स ३०५० (६ जीबी): आवाज कमी, पण वेळ चुकीची

ग्राफिक्स कार्ड सर्व्हिस सेंटरमधून परत आलंय, तेव्हा मार्चपासून लिहीन लिहीन म्हणत राहिलेलं एकदाचं लिहून टाकतो. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत: ६ जीबी, ७० वॉट, वेगळी पॉवर केबल लागत नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला ज्याचा ताप झाला तो प्रकार आजकाल बहुतेक सगळेच फीचर म्हणून विकतात.

हेच का घेतलं? आमचा टीव्हीखालचा पीसी जुना, प्रोसेसर आय५-४५७०. त्याच्या स्वतःच्या ग्राफिक्सला एचडीएमआय १.४, म्हणजे ४के टीव्हीवर ६० हर्ट्झ विसरा. दहा-बिट एचईव्हीसी (४के सिनेमांचा व्हिडिओ फॉरमॅट) हार्डवेअरवर चालत नाही. यूट्यूबने ४केला एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट दिला की चारही कोअर धापा टाकतात आणि चित्र अडखळतं. ‘नवीनच घे ना’ म्हणणारे पुष्कळ भेटले. केस, रॅम, पॉवर सप्लाय ठणठणीत असताना चाळीस हजार कशाला घालायचे?

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने आधी जीटी १०३० पुढे केलं. ३० वॉट, नुसता हीटसिंक, पंखाच नाही. आवाजाचा विषयच संपला, पण एव्ही१ नाही. शिवाय त्याच नावाखाली डीडीआर४ मेमरीचंही कार्ड येतं. जीडीडीआर५वाल्याची बँडविड्थ (मेमरीचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, तर याची १६.८. नाव तेच, माल वेगळा. घेणार असाल तर खोकं नीट वाचा. जीटीएक्स १६५०मध्ये एव्ही१ नाही. आरएक्स ६४००मध्येही नाही, आणि ते २०२२ चं कार्ड! इंटेलचं आर्क ए३८० एव्ही१ डिकोड आणि एन्कोड दोन्ही करतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये तो पर्यायच नाही. ३०५०चं बिनपंख्याचं मॉडेलही निघालंय, पण त्या दिवशी कुणाकडे नव्हतं. उरलं हे, यात एव्ही१ डिकोड होतं. साडेसतरा हजार, घासाघीस करून.

एप्रिल-मेमध्ये मी एकदम खूश. कार्ड आहे की नाही तेही कळत नव्हतं. आता कळतं की ते श्रेय कार्डाचं नव्हतं, सीलिंग फॅनचं होतं. डोंबिवलीच्या उकाड्यात फॅन पाचवर, त्याच्यापुढे टीव्हीच जेमतेम ऐकू येतो, तिथे कार्ड कोण ऐकतंय! अमुक कार्ड अठ्ठावीस डेसिबल, तमुक तीस, असे आकडे वाचून आपण डोकं खपवतो. ते आकडे ज्या शांत खोलीत मोजलेले असतात तशी शांतता मे महिन्यात आपल्या घरात नसतेच. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार स्टार दिले असते.

पाऊस लागला, सीलिंग फॅन दोनवर आला आणि खरं काय ते ऐकू यायला लागलं.

आमच्या बाबांना रात्री जेवणं झाली की यूट्यूबवर जुनी नाटकं लागतात. कुणीतरी कॅसेटवरून उतरवून टाकलेली, ४८०पी, चेहरे पुसट. त्यासाठी मी क्रोममध्ये आरटीएक्स व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन चालू करून ठेवलं होतं. एनव्हिडियाने २०२३ साली आणलेलं हे फीचर ३६०पी ते १४४०पीचा व्हिडिओ टीव्हीच्या रिझोल्यूशनला वाढवताना साफ करतं. चांगलं करतं, खोटं कशाला बोलू. बाबांनी स्वतःहून ‘आज चित्र स्वच्छ आहे’ म्हटलं होतं. गंमत अशी की ४के सिनेमा लावला तर कार्ड थंड राहतं, कारण डिकोडिंगचं काम एका वेगळ्या ठरावीक सर्किटवर होतं आणि बाकीची चिप आरामात असते. जुनं नाटक लावलं की सगळी चिप कामाला लागते आणि कार्ड तापतं.

आता त्याचा पंखा. या कार्डात शून्य आरपीएम मोड आहे. ६० अंशांपर्यंत पंखा बंद, ६० झाले की सुरू, ५० वर आलं की पुन्हा बंद. वाचायला छान वाटतं. पण टीव्ही युनिटमध्ये, तीन बाजूंनी प्लाय असताना, नाटक चालू असलं की कार्ड नेमकं याच पट्ट्यात वर-खाली करत बसतं. आणि पंखा सुरू होताना हळूच होत नाही. आधी एक ‘घुर्रर्र’ जोरात, मग दोन-तीन सेकंदांनी खाली येऊन स्थिर. मग दोन मिनिटांनी बंद. मग परत घुर्रर्र. स्टेजवर नट वाक्य तोडून थांबलाय, प्रेक्षागृह श्वास रोखून बसलंय, आणि टीव्हीखालून आमचं कार्ड एंट्री घेतंय. ‘सुरू झालं बघ तुझं,’ असं बाबा म्हणायचे. तुझं!

सलग आवाजाची कानाला सवय होते. घड्याळाची होते, फ्रिजची होते. मधूनच सुरू होऊन मधूनच थांबणाऱ्या आवाजाची होत नाही, मग तो कितीही बारीक असो. म्हणून एचटीपीसीसाठी, म्हणजे असल्या टीव्हीला जोडलेल्या पीसीसाठी, कार्ड घेताना डेसिबल नंतर बघा. पंखा कधी सुरू होतो, कसा सुरू होतो आणि तो मोड बंद करता येतो का, हे आधी विचारा. काही कार्डांवर त्यासाठी दोन बायोसचं छोटं बटण असतं. माझ्यावर नाही.

ऑगस्टअखेर घुर्रर्रच्या जोडीला खरखर आली. बेअरिंग. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून कार्ड काढून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या मुलाने ते उघड्या बोर्डावर लावलं, विंडोजचा रिकामा डेस्कटॉप, वर एसी अठरावर. म्हणाला, ‘सर, पंखा फिरतच नाहीये, आवाज कुठून येणार?’ आणि ‘नो फॉल्ट’ लिहून परत दिलं. अहो, फिरणार कसा, साठ अंश होतील तेव्हा ना! पुढच्या खेपेला मीच पेन ड्राइव्हवर फरमार्क (कार्ड मुद्दाम तापवून बघायचं सॉफ्टवेअर) घेऊन गेलो आणि समोर उभा राहून लावायला लावलं. पारा साठवर गेला आणि खरखर अशी सुरू झाली की शेजारच्या काउंटरवरच्या बाई वळून बघायला लागल्या. मग पंखा बदलून मिळाला, पण त्यात जवळपास महिना गेला. तेवढे दिवस बाबा मोबाइलवर नाटक बघत होते आणि मी घरात तोंड लपवत होतो.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. सुताराला बोलावून युनिटच्या मागच्या प्लायला दोन गोल भोकं पाडून घेतली (नवीन फर्निचर म्हणून बायको दोन दिवस बोलत नव्हती). आणि एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पंखा कायम तीस टक्क्यांवर बांधून टाकला. या कार्डात त्याहून खाली जाता येत नाही. आता तो पीसी चालू केल्यापासून बंद करेपर्यंत फिरतो. सोफ्यावर बसून कान दिला तर एक बारीक सूं ऐकू येते, न दिला तर नाही. नाटक चालू असताना पारा पंचावन्नच्या आसपास. पॉवर लिमिटही थोडं खाली ओढलंय, चित्रात मला काही फरक दिसत नाही.

एक कटकट आहे: पीसी स्लीपमधून उठला की आफ्टरबर्नर कधीकधी सेटिंग विसरतो आणि पंखा पुन्हा मूळ स्वभावावर जातो. त्यामुळे स्लीप बंद केलंय, शटडाउनच करतो. ज्यांना असल्या खटपटी करायच्या नाहीत आणि ज्यांचं काम १०८०पीवर भागतं, त्यांनी सरळ बिनपंख्याचं जीटी १०३० घ्यावं, जीडीडीआर५वालं बघून. आमच्याकडे ४के आणि नाटक दोन्ही लागतं, म्हणून हे राहील. साडेचारवरून मी मधे दोनवर आलो होतो, आता साडेतीन. उरलेल्यातला अर्धा कार्डाच्या बायोसपायी कापलाय आणि एक सर्व्हिस सेंटरसाठी केलेल्या लोकलच्या खेट्यांपायी.