‘ट्रॉयमे’: पंचाहत्तर वर्षांपूर्वीची श्रुतिका, आजही झोप उडवणारी

हँबुर्गच्या एनडब्ल्यूडीआर (वायव्य जर्मन रेडिओ) केंद्रावर १९ एप्रिल १९५१ च्या रात्री जर्मन कवी-लेखक ग्युंटर आइश यांची ‘ट्रॉयमे’ लागली आणि संतापलेल्या श्रोत्यांनी केंद्राकडे फोन लावले. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं होत आली होती. १९४८ च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं, दुकानांच्या काचांमागे माल दिसू लागला, लोक निवांत झोपू लागले. नेमक्या त्या झोपेवर ही श्रुतिका बोट ठेवते.

नावाचा अर्थ ‘स्वप्नं’. जगाच्या वेगवेगळ्या भागांतली पाच माणसं, प्रत्येकाचं एक वाईट स्वप्न, मधूनमधून कविता. प्रत्येक स्वप्नाआधी निवेदक पंचनामा वाचावा तसा तपशील देतो: तारीख, नाव, धंदा, गाव. पहिलं स्वप्न १ ते २ ऑगस्ट १९४८ च्या रात्रीचं, म्हणजे चलन बदलल्यावर सहा आठवड्यांनी. ते पडलं शुल्झ नावाच्या कुलूप-कारागिराला. त्याचं गाव ऱ्युगेनवाल्डे, युद्धानंतर पोलंडकडे गेलेलं; मुक्काम आता पश्चिम जर्मनीतल्या ग्युटर्सलोहमध्ये; एवढ्यावरूनच जर्मन श्रोत्याला कळतं की हा पूर्वेकडून आलेला निर्वासित. मग निवेदक दिलासा देतो, की स्वप्न मनावर घ्यायचं कारण नाही, शुल्झला पोटाचा विकार होता. वाईट स्वप्नं पोटातून येतात. पोट फार भरलेलं तरी असतं नाहीतर रिकामं. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, आणि त्याच क्षणी मालगाडीची चाकं सुरू होतात.

बंद डब्यात एक कुटुंब कित्येक वर्षं प्रवास करतंय. म्हातारा-म्हातारीला बाहेरचं जग आठवतं, पिवळी फुलं आठवतात. नातू डब्यातच वाढलेला, त्याला ते नुसते शब्द वाटतात. एकदा भिंतीला भोक सापडतं, उजेड आत येतो, सगळे आळीपाळीने बाहेर बघतात. बाहेर जे दिसतं त्याने ते इतके घाबरतात की भोक स्वतःच बुजवून टाकतात. बळजबरी कोणाचीही नाही. नंतर गाडीचा वेग वाढत जातो, इतकंच. नाझींनी ज्यूंना अशाच डब्यांत कोंबून छळछावण्यांकडे नेलं होतं; १९५१ मध्ये जर्मन माणसाला बंद मालडबा म्हणजे काय हे कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

पाचवं स्वप्न जवळपास याच तोडीचं. न्यूयॉर्कच्या घरात आई मुलीकडे आली आहे, आणि भिंतीत बारीक, न थांबणारी कुरतड ऐकू येते. वाळवी. वरचा पापुद्रा तेवढा शाबूत, आतून सगळं पोखरलेलं, माणसंसुद्धा. चीनमध्ये घडणाऱ्या दुसऱ्या स्वप्नात आईबाप सहा वर्षांचं मूल एका आजारी श्रीमंताला रक्तासाठी विकतात. ते भयंकर आहे, पण चीन इथे नुसता पडदा म्हणून टांगलाय. चौथ्यातला आफ्रिकेचा ढोल तर त्याहून उथळ. हे दोन भाग आज खटकतात.

कवितांचा सूर थेट आहे. कोरियात युद्ध चालू होतं, पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अणुचाचण्या होऊन गेल्या होत्या. आइश सांगतात, ती ठिकाणं नकाशावर नाहीत, तुझ्या काळजात आहेत. आणि मोठ्या विध्वंसानंतर जो तो आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करेल. मात्र नाझी काळात आइश स्वतः रेडिओसाठी भरपूर लिहीत होते, आणि श्रुतिकेत त्याचा उच्चारही नाही. ते माहीत ठेवूनच ऐकावी. शब्दांची धार त्याने कमी होत नाही, पण ती लिहिणाऱ्यालाही लागते.

ऐकायची तर मूळचं, फ्रिट्झ श्रोडर-यान यांनी दिग्दर्शित केलेलं ध्वनिमुद्रण ऐका. जर्मन येत नसेल तर आधी संहितेचा अनुवाद वाचून काढा, मग मजकूर बाजूला ठेवून हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर वाळवीचा आवाज हरवतो आणि पाचवं स्वप्न निव्वळ गप्पांचं होऊन बसतं. पाचही सलग ऐकायची गरज नाही. पहिलं आणि पाचवं एका बैठकीत पुरे.

मराठीत करू पाहणाऱ्या मंडळींनी पहिलं स्वप्न घ्यावं. आवाज पाच लागतात: म्हातारा, म्हातारी, नातू, त्याची बायको, मूल. हमखास चूक होते ती गाडीच्या आवाजात. तो चढा ठेवला तर संवाद बुडतात. म्हणून मध्येच पूर्ण बंद केला तर शेवटी वेग वाढवायला खाली काही उरतच नाही. संवादांखाली तो मंद पण अखंड हवा. घुमारा अजिबात नको, डबा लाकडी आणि माणसांनी भरलेला आहे. जाड पडद्यांच्या छोट्या खोलीत, एकाच माइकभोवती पाचही जणांना बसवा. भोकातून उजेड येतो तेव्हा संगीत घालायचा मोह होईल. घालू नका. उजेडाला आवाज नसतो. तो बघणाऱ्याच्या श्वासातून कळला पाहिजे.