पडद्यामागचा सबवूफर

बेडरूमसाठी लहानसा स्टिरिओ जुळवायचा होता. हात आखडताच होता, म्हणून वापरलेले बुकशेल्फ स्पीकर शोधत होतो. एका विक्रेत्याकडे साडेपाच इंची वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची, जोडी दिसली. कॅबिनेटवर ओरखडासुद्धा नाही. त्याने स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं लावलं आणि छातीत हादरा बसावा असा बास, म्हणजे खालचे सूर, आला. एवढ्याशा खोक्यांतून एवढा आवाज ऐकून मी तिथल्या तिथे पैसे मोजले.

घरी लावले तर बास गायब. आधी वाटलं, वायर चुकली असेल. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले की दोन्ही वूफर विरुद्ध दिशांनी हलतात आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. पण जोडणी बरोबर होती. शिवाय गायिकेचा आवाज मधोमध न येता डावीकडे ओढला जात होता. उजवा स्पीकर गोधडीखालून बोलल्यासारखा वाटत होता.

मल्टिमीटर लावून रोध मोजला. दोन्हीकडे साधारण ६ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला मीटरवर एवढंच दिसतं, त्यामुळे मी निर्धास्त झालो. इथे पुन्हा चुकलो, आणि ही चूक कुणीही करू नये. मागच्या टर्मिनलवरचा आकडा वूफरचा असतो. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, वाटेत कॅपॅसिटर बसवलेला असतो, तो मीटरचा डीसी करंट अडवतो. ट्वीटर जळून गेला असला तरी मीटर काही सांगत नाही. दोन दिवसांनी आवाज अगदी बारीक करून उजव्या ट्वीटरला कान लावला. काहीच नाही.

मग स्क्रू काढले. उजव्या ट्वीटरची कॉइल तुटलेली. क्रॉसओव्हरचा, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करून वूफर-ट्वीटरला वाटून देणारा, बोर्ड दोन्ही खोक्यांतून काढून घेतलेला, स्क्रूंची रिकामी भोकं तेवढी उरलेली. त्याच्या जागी ट्वीटरला एकेक कॅपॅसिटर लटकवलेला आणि वूफर थेट टर्मिनलला जोडलेला. बाहेरून सगळं चकचकीत होतं, म्हणूनच चीड जास्त आली.

आणि तो बास? त्या खोलीत पडद्याखाली एक काळं खोकं होतं, त्यावर निळा दिवा जळत होता. मी पाहिलं होतं, विचारलं नाही. तो सबवूफर होता, फक्त अगदी खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे तो समोरच्या स्पीकरांतूनच येतोय असं वाटतं. मला बसायला खुर्चीही त्याने डाव्या स्पीकरसमोर दिली होती. गाणंही मोठ्याने लावलेलं. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं आहे. बेडरूममध्ये रात्री आपण हळू आवाजातच ऐकणार, मग पारखही हळू आवाजातच करायला हवी. खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्यालाही मी भुललो होतो. लहान खोलीला काही वॅट पुरतात. विचारायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, कारण ती ३ डेसिबलने कमी असली तर तेवढ्याच आवाजासाठी अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लावावी लागते.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “चालू स्थितीत दिलेत, तुम्ही स्वतः ऐकून घेतलेत.” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. माझ्याकडे पावती नव्हती, मेसेजमध्येही काही लिहून घेतलेलं नव्हतं. मागायला आधारच उरला नाही.

पुढच्या वेळी माझा छोटा अ‍ॅम्प आणि पाठ असलेली दोन गाणी घेऊन गेलो. खोलीतलं बाकी सगळं प्लगमधून काढायला सांगितलं. मोनो रेकॉर्डिंग लावलं, कारण जोडी जुळलेली असेल तर गाणारा बरोबर मधे उभा राहतो. एकेका ट्वीटरवर तळहात धरून आवाज मंद होतो का ते पाहिलं. स्पीकरसमोरच्या जाळ्या काढायला सांगितल्यावर एका विक्रेत्याने नकार दिला, मी उठून आलो. दुसऱ्याने न सांगताच जाळ्या काढल्या आणि डाव्या वूफरवर बोट ठेवून म्हणाला, “याची फोमची कडा कुजली होती, मी नवी बसवलीय.” ती जोडी घेतली.