मास्टर्सला जर्मनी की ब्रिटन?

ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा वर्षभरात उरकतं, जर्मनीत साधारण दोन वर्षं. पैशाचं गणित मात्र उलटं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. खरी अडचण व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्याची: वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, मग महिन्याला ९९२ हातात येतात. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा एपीएसचा दाखला वेगळाच.

ब्रिटिश विद्यापीठांचा गाडा बराचसा परदेशी मुलांच्या फीवर चालतो. फी भरमसाट, शिवाय २०२४ पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही.

घर गहाण ठेवून कर्ज काढणार असाल तर जर्मनीच बघा. पदवी इंग्रजीतून मिळेल, पण नोकरीला जर्मन लागतं. ते इथूनच शिकून जा.