दहा महिन्यांची किर्द-खतावणी: विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दुव्यांचा घरगुती संग्रह वापरल्यानंतर

मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि जगभरातील विज्ञानाच्या बातम्या वाचण्याचा मला जुना नाद आहे. वाचलेले पुन्हा हाती लागावे म्हणून आजवर बरेच उपाय केले. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच दुवे पाठवले, तर ते दुधाच्या हिशेबाखाली आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या फोटोंखाली गाडले गेले. पुढे सवडीने वाचायचे लेख साठवून ठेवणारी एक सेवा वापरली, तर ती बंद पडली. जाताना तिने हाती ठेवलेल्या फाइलमध्ये नुसते पत्ते होते आणि त्यांतला कोणता लेख आपण कशासाठी ठेवला होता, याचा काहीच बोध होईना. म्हणून 2 नोव्हेंबर 2024 रोजी, दिवाळी पाडव्याला, व्यापारी नवी वही घालतात त्या मुहूर्तावर, मी स्प्रेडशीटमध्ये स्वतःची वही घातली.

तिची रचना आमच्या धंद्यातलीच आहे. पहिले पान किर्दीचे, म्हणजे रोजच्या नोंदींचे: तारीख, दुवा, तपशील आणि खाते पान. दुसरे पान खतावणीचे, जिथे तीच नोंद अंतराळ, हवामान, आरोग्य, संगणक अशा खात्यांवर चढते. दुवे शोधत मी फिरत नाही. फोनवरचे एक मोफत आर.एस.एस. वाचक ॲप निवडक संकेतस्थळांची नवी शीर्षके एका जागी आणून देते. मी घातलेला नियम एकच होता, तो म्हणजे तपशिलाच्या रकान्यात मराठीतून स्वतःचे एक वाक्य लिहिल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही.

पहिल्या दोन महिन्यांत हा नियम मी स्वतःच मोडला. तीस संकेतस्थळांची शीर्षके येत होती, रोज पंधरा-वीस दुवे किर्दीत पडत होते आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खतावणी पाच आठवडे मागे पडली होती. तेव्हा दुसऱ्यांच्या बातम्या फिरवून लिहिणारी संकेतस्थळे काढून टाकली, अकरा उरली. आता दिवसाला तीनच नोंदी घेतो आणि खतावणी रविवारी सकाळी तासभर बसून पुरी करतो.

तपशिलाचा खरा उपयोग पहिल्यांदा कळला तो 2024 वाय.आर.4 या लघुग्रहाच्या वेळी. डिसेंबर 2024 च्या अखेरीस सापडलेला हा लघुग्रह 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्यावर गेली, 18 फेब्रुवारी 2025 रोजी नासाच्या गणनेनुसार 3.1 टक्के झाली आणि त्याच महिन्यात नगण्य ठरली. जुळे सोलापुरात राहणारी माझी भाची शाळेच्या प्रकल्पासाठी विचारायला आली, "मामा, आधी वाढला आणि मग एकदम कमी कसा झाला धोका?" तिच्या हाती फक्त मधला, सर्वांत भीतीदायक आकडा होता. किर्दीतल्या तारीखवार नोंदी एकाखाली एक दाखवल्या, तेव्हा उत्तर तपशिलातच निघाले: निरीक्षणे वाढतात तसा अनिश्चिततेचा पट्टा आकसत जातो, आणि पृथ्वी त्या पट्ट्याच्या आत असेपर्यंत टक्केवारी चढते, बाहेर पडली की कोसळते. एका दुव्यावरून हे तिला दिसले नसते.

जुन्या ढिगातून आणलेल्या एल.के.-99 या पदार्थाच्या दुव्याने मात्र मला खजील केले. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी सामान्य तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाचा, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाचा, दावा समीक्षेआधीच्या मसुद्यातून मांडला होता आणि तो दुवा मी उत्साहाने साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता. पुढे काही आठवड्यांतच, रोध अचानक घटतो तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे, असे दिसून आले. हे मीही वाचले होते, पण मूळ दुव्याशेजारी लिहून ठेवले नव्हते. त्यानंतर किर्दीत 'पुढे काय झाले' असा रकाना वाढवला. आज संग्रहातला सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे.

आणखी एक नोंद खास आमच्या गावची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात ढगबीजनाचा, म्हणजे ढगांत रसायनाचे कण सोडून पाऊस वाढवण्याचा, प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहणाऱ्या माणसाला ही बातमी परदेशी विज्ञानवार्तांमधून कळावी, यातली गंमत बाजूला ठेवतो. मी आधी तपशील लिहिला, "कृत्रिम पावसाने सोलापुरात 18 टक्के वाढ." वाक्य लिहिल्यावर शंका आली, म्हणून लेख पुन्हा वाचला. ती वाढ निवडक ढगांवर कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून, वाऱ्याच्या दिशेने असलेल्या सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात मोजलेली होती. साऱ्या जिल्ह्याच्या पावसात नव्हे. नुसता दुवा ठेवला असता तर चुकीची समजूत कायम राहिली असती.

आता दोष. दुवे मरतात. अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेच्या 2024 च्या पाहणीनुसार 2013 मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून महत्त्वाचे पान मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात, जतन करतो आणि शिवाय पी.डी.एफ. घरच्या संगणकावर ठेवतो, कारण ऑक्टोबर 2024 मध्ये सायबर हल्ल्यामुळे खुद्द ते अर्काइव्हच काही दिवस बंद होते. शोधनिबंध असेल तर 10 या आकड्याने सुरू होणारा त्याचा डी.ओ.आय., म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, लिहितो, संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. आखूड केलेले दुवे मुळीच घेत नाही.

मराठीतून शोधणे हा याहून मोठा वैताग आहे. 'ॲप' मधला 'ॲ' फोनचा कळफलक एका संकेताने लिहितो, तर कारखान्यातल्या संगणकाचा कळफलक 'अ' लिहून त्यावर चंद्र देतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना निम्म्या नोंदी गायब होतात. शेवटी शोधासाठी वेगळा रकाना केला आणि त्यात 'लघुग्रह', 'हवामान' असे साधे, ठरलेले शब्दच लिहायचे ठरवले. स्प्रेडशीट फोनच्या पडद्यावर भरणेही त्रासाचे आहे. मी फोनवर फक्त दुवा टाकतो आणि बाकीचे रकाने घरी आल्यावर भरतो.

तपशील लिहिलेल्या पक्क्या नोंदी सध्या सुमारे सहाशे आहेत. येत्या पाडव्याला नवी वही घालताना तपशील नसलेल्या नोंदी पुढे ओढणार नाही, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचा बराच कचरा आपोआप गळेल. वाय.आर.4 ची नोंद मात्र पुढे न्यावी लागेल: तो चंद्रावर आदळण्याची शक्यता जून 2025 मध्ये 4.3 टक्के सांगितली गेली आणि 'पुढे काय झाले' हा तिचा रकाना अजून कोरा आहे.