आईचा उजवा हात आणि कर्वे रस्त्यावरचं फिजिओथेरपी केंद्र
पक्षाघातानंतर आईचा उजवा हात लुळा पडला. दुसरीकडे एकाने स्टेम सेलचं, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशी शरीरात सोडण्याचं, ‘पॅकेज’ गळ्यात मारायला बघितलं होतं. या केंद्रातल्या ताईंना त्याबद्दल विचारलं, तर हातातलं काम थांबवून त्यांनी समजावलं. म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रौढ उंदरांच्या मेंदूत, दृष्टीच्या भागात, भ्रूणातल्या चेतापेशी रोवल्या. ४ ते ८ आठवड्यांत त्या वाढल्या, उंदरांच्या स्वतःच्या पेशी जिथे जोडलेल्या असतात तिथेच जोडल्या गेल्या, डोळ्यांसमोरच्या रेषांना प्रतिसादही देऊ लागल्या. पण ते उंदीर. माणसाच्या पक्षाघातावर हा सिद्ध उपचार नाही. इतकं स्पष्ट आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं! आई आता पोळीचा तुकडा स्वतः मोडते. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. सोबत दोन माणसं न्या.